वादळात सापडलेल्या डोंगरभ्रमंतीची साक्ष मंडळीपुढे कशी द्यावी?

धारेवरचा (प्रश्न)

सर्वांना सप्रेम नमस्कार. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघातले आम्ही ११ जण काही आठवड्यांपूर्वी दोन दिवसांच्या डोंगरभ्रमंतीला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तळावर आम्ही बायबलमधले ९१वे स्तोत्र वाचले, प्रार्थना केली आणि माथ्याकडे निघालो. दुपारच्या आधीच ढग काळवंडू लागले. पुढे चालणाऱ्याने ‘आता तासाभराचाच चढ उरला आहे’ असे सांगितले. मी सहायक म्हणून सर्वांत मागे होतो. इथून परतावे असे मला स्पष्टपणे वाटत होते. पण एवढ्या उत्साहात असलेल्या दहा जणांना थांबवून त्यांचा हिरमोड करण्याचे धैर्य मला झाले नाही आणि मी गप्प राहिलो.

माथ्याच्या थोडे अलीकडे, दोन्ही बाजूंना उतार असलेल्या उघड्या धारेवर वादळाने आम्हाला गाठले. एका मुलीच्या वेणीतून सुटलेले केस वर उभे राहिलेले मी पाहिले. आमच्यातल्या एकाने थोडे प्रशिक्षण घेतलेले होते; त्याने ओरडून सर्वांना धारेवरून खाली उतरवले आणि एकमेकांपासून लांब लांब उकिडवे बसायला लावले. जवळजवळ पाऊण तास आम्ही तसे बसलो होतो, प्रत्येक जण एकटा. मध्येच कोणीतरी उपासनेतले एक गीत म्हणू लागले. वाऱ्यामुळे एखादीच ओळ ऐकू येई, मग खालच्या बाजूला बसलेला कोणीतरी पुढची ओळ उचले. वादळ ओसरल्यावर उतरताना ओल्या घसाऱ्यावरून १७ वर्षांचा एक मुलगा घसरला आणि त्याच्या नडगीचे हाड मोडले. ती रात्र आम्ही एका कपारीत काढली. मदत पहाटे पोहोचली.

आता पाळकांनी मला येत्या रविवारी उपासनेत पंधरा मिनिटे साक्ष देण्यास, म्हणजे विश्वासाचा स्वतःचा अनुभव सांगण्यास, सांगितले आहे. मी तीन मुद्दे लिहूनही काढले होते: देव वादळात आपल्याबरोबर असतो, देव आपले रक्षण करतो, देवाच्या योजनेत अपघात नसतो. लिहून झाल्यावर वाचले आणि माझीच मला लाज वाटली. तो मुलगा कुबड्या घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे. शिवाय खरे सांगायचे तर त्या पाऊण तासात मी प्रार्थना केलीच नाही. वीज चमकली की गडगडाट होईपर्यंतचे सेकंद मोजत होतो, एवढेच.

या प्रसंगातून विश्वासाचा काही धडा घेणे योग्य आहे का? आणि असल्यास तो खोटेपणा न करता कसा मांडावा?

जुना पाळक

आपण लाज वाटल्याचे लिहिले आहे. त्या लाजेला घाईने दूर लोटू नका, कारण माझ्या मते साक्ष तिथूनच सुरू व्हायला हवी.

बायबलमधला प्रेषितांच्या कृत्यांचा २७वा अध्याय पुन्हा वाचावा. पौलाला कैदी म्हणून तारवातून रोमला नेले जात असतानाचा तो वृत्तांत आहे. आपण सहसा त्यातला देवदूताचा संदेश आणि सर्वांची सुटका एवढेच लक्षात ठेवतो. परंतु वृत्तांताची सुरुवात एका चुकीच्या निर्णयाने होते. समुद्रप्रवासाचा हंगाम सरत आला होता, उपवासाचा दिवसही होऊन गेला होता. पुढे गेल्यास माल, तारू आणि जीव यांचीही हानी होईल, असे पौलाने क्रेत बेटावरच्या बंदरात सांगितले होते. कैद्यांना नेणाऱ्या रोमी अधिकाऱ्याला, म्हणजे शताधिपतीला, मात्र तांडेलाचे आणि तारवाच्या मालकाचे म्हणणे अधिक पटले, बहुसंख्यांचाही कौल पुढे जाण्याकडेच होता, आणि त्यात दक्षिणेचा मंद वारा सुटला. त्या मंद वाऱ्याचा उल्लेख मला फार मार्मिक वाटतो. चुकीच्या निर्णयानंतर पहिला तासभर बहुधा सगळे अनुकूलच असते.

पुढे कित्येक दिवस सूर्य आणि तारे दिसले नाहीत आणि तारवावरच्या माणसांनी आशा सोडली, तेव्हा पौल उभा राहतो. तो धीर देणारच असतो. पण त्याचे पहिले वाक्य असे आहे की, तुम्ही माझे ऐकून क्रेतहून निघायला नको होते. त्यानंतरच तो म्हणतो की धीर धरा, कोणाच्याही जिवाची हानी होणार नाही, फक्त तारवाची होईल. चुकीचा उच्चार आणि कृपेचा उच्चार एकाच भाषणात, एकाच माणसाच्या तोंडी आले आहेत, आणि एकामुळे दुसऱ्याला कमीपणा आलेला नाही. आपल्या साक्षीत आपण पौलाच्या जागी नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे. पौल बोलला होता. आपण गप्प राहिलात. म्हणून आपल्याला ‘तुम्ही ऐकायला हवे होते’ असे म्हणता येणार नाही. ‘मी बोलायला हवे होते’ असे म्हणावे लागेल.

आणखी एक गोष्ट. देवाचे वचन मिळाल्यावरही त्या तारवावर कोणी हात बांधून बसले नाही. खोली मोजली गेली, मागच्या बाजूने चार नांगर टाकले गेले, गहू समुद्रात टाकून तारू हलके केले गेले. खलाशी होडी घेऊन गुपचूप पळू लागले तेव्हा, हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही, असे पौलानेच शिपायांना सांगितले. चौदा दिवस नीट न जेवलेल्या माणसांपुढे त्याने भाकर घेतली, देवाचे आभार मानले आणि खायला सुरुवात केली. एकंदर २७६ माणसे होती. शेवटी कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, कोणी तारवाच्या तुकड्यांवर किनाऱ्याला लागले. आपल्या गटातल्या ज्याने सर्वांना धारेवरून खाली आणले, त्याच्या ओरडण्याला आपण देवाच्या मदतीपासून वेगळे काढू नये.

दोर आणि गाठ

मी गेली अनेक वर्षे डोंगरात अडकलेल्यांना खाली आणण्याच्या कामात स्वयंसेवक आहे आणि मंडळीचाही सभासद आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडे लिहितो.

सेकंद मोजल्याबद्दल आपण अपराधी वाटून घेऊ नये. प्रकाश क्षणात पोहोचतो आणि आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून प्रत्येक तीन सेकंदांमागे वीज साधारण एक किलोमीटर दूर असते. हे अंतर वाढते आहे की घटते आहे, हे ठाऊक असणे तिथे अत्यंत उपयोगाचे होते. गटाला पांगवून बसवण्याचे कारण असे की, वीज जवळ पडली तर ती जमिनीतूनही पसरते, आणि सगळे एकत्र असतील तर सगळेच जायबंदी होऊन मदतीला कोणी उरत नाही. अर्थात उकिडवे बसणे हा नाइलाजाचा उपाय आहे, त्याने सुरक्षितता मिळत नाही. सुरक्षितता वेळेवर खाली उतरण्यातच असते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे, हा नियम आहे. आपण तो पाळलात की नाही, हे आपण लिहिलेले नाही. ओल्या घसाऱ्यावर झालेले अपघात मी पाहिले आहेत, आणि त्यांतले बरेचसे धोका टळल्याच्या आनंदात घाईने उतरताना झाले आहेत.

आता ९१व्या स्तोत्राविषयी. साहसी शिबिरांत निघण्यापूर्वी हेच स्तोत्र वाचण्याची पद्धत मी अनेकदा पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी मला मत्तयाचा चौथा अध्याय आठवतो. मंदिराच्या शिरोभागी येशूला उभे करून सैतान ज्या ओळी म्हणतो, त्या याच स्तोत्रातल्या आहेत: देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, तुझा पाय धोंड्यावर आपटू नये म्हणून ते तुला हातांवर झेलतील. ओळी खऱ्या आहेत, वापर खोटा आहे. येशूने त्याला ‘अनुवाद’ नावाच्या जुन्या करारातल्या पुस्तकातले वचन ऐकवले, की परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. सकाळी स्तोत्र वाचून दुपारी ढगांकडे दुर्लक्ष करणे आणि मंदिरावरून उडी टाकणे यांत अंतर आहे, हे मी मान्य करतो. पण ते आपल्याला वाटते तितके मोठे नाही. माझ्या मते आपल्या संघाला सर्वांत उपयोगी पडेल असा धडा हाच आहे, आणि तो वादळातला नसून वादळापूर्वीच्या एका तासातला आहे.

दुसरे म्हणजे, मनाने प्रार्थना केली नाही म्हणून विश्वास नव्हता, असे मानण्याची घाई करू नये. टोकाच्या भीतीत मन अगदी अरुंद होते, समोरच्या एका गोष्टीपलीकडे काही दिसत नाही. हे शरीराचे काम आहे. एलीया संदेष्टा घाबरून पळाला आणि झुडपाखाली मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला प्रथम उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. होरेब डोंगरावरचा वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरची मंद वाणी हे सगळे त्याच्या कितीतरी दिवसांनंतरचे. आपल्यालाही अद्याप नीट झोप लागत नसेल, तर पाळकांना तसे सांगून साक्ष पुढे ढकलावी.

स्तोत्रवाचक

वरील दोन्ही उत्तरांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु एका गोष्टीची मला धास्ती वाटते. इतकी सावधगिरी बाळगली, तर आभार मानायचे राहूनच जातील.

पवित्र शास्त्रात माणसे संकटातून बाहेर येतात आणि उघडपणे बोलतात. १०७व्या स्तोत्रात तारवांतून समुद्रावर गेलेले लोक लाटांबरोबर आकाशापर्यंत चढतात, खोल दरीत उतरतात, मद्यप्याप्रमाणे झोकांड्या खातात, त्यांची सगळी अक्कल गुंग होते. ते आरोळी मारतात, वादळ शमते, आणि स्तोत्रकर्ता त्यांना सांगतो की मंडळीत परमेश्वराचे उपकारस्मरण करा. त्यांनी आधी आपल्या निर्णयांची चौकशी पूर्ण करावी, अशी अट तिथे नाही.

धडा काढण्याविषयीही तसेच. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल आशिया प्रांतातल्या संकटाविषयी लिहितो की, आम्ही शक्तीपलीकडे दडपले गेलो, जगण्याचीही आशा उरली नाही. आणि लगेच त्याचा अर्थ सांगतो, की आम्ही स्वतःवर नव्हे तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून हे झाले. म्हणजे धडा काढणे हे पाप नाही. फक्त पौल कोणाविषयी बोलतो हे पाहावे. तो स्वतःविषयी आणि आपल्या सोबत्यांविषयी बोलतो, दुसऱ्याच्या मोडलेल्या हाडाचा अर्थ सांगत बसत नाही. ‘देवाच्या योजनेत अपघात नसतो’ हा आपला तिसरा मुद्दा मी गाळला असता. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, पण ते वाक्य उच्चारण्याचा अधिकार त्या दिवशी फक्त त्या मुलाला आहे.

आणि त्या गीताविषयी आपण एवढे कमी का लिहिले आहे, हे मला कळत नाही. आपल्या संपूर्ण प्रश्नातली तीच गोष्ट मला सर्वांत जिवंत वाटली.

धारेवरचा

सर्वांचे आभार. ‘दोर आणि गाठ’ यांना सांगायचे तर, नाही, आम्ही अर्धा तास थांबलो नाही. गडगडाट दूर गेल्यासारखा वाटताच उतरायला लागलो. तो निर्णय माझा होता. हे मी पहिल्या लिखाणात मुद्दाम गाळले होते.

गीताविषयी कमी लिहिले, कारण ते सांगताना आम्ही सर्व फार धीराचे होतो असे चित्र उभे राहते, आणि मी तर गात नव्हतो.

ग्रंथालयातला

आपण गात नव्हतात, हे मला अडचणीचे वाटत नाही. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली १७३६च्या जानेवारीत जहाजाने जॉर्जियाला जात असताना मोठ्या वादळात सापडले होते. त्याच जहाजावर मोरावियन या ख्रिस्ती पंथाचे जर्मन लोक होते. त्यांची उपासना चालू असतानाच लाट डेकवर फुटली, मोठे शीड फाटले, इंग्रज प्रवाशांत किंकाळ्या उठल्या, आणि मोरावियन शांतपणे स्तोत्र गात राहिले. वेस्लींनी नंतर त्यांच्यातल्या एकाला विचारले की तुम्हाला भीती वाटली नाही का, आणि तुमच्या बायकामुलांना? त्याने सांगितले की देवाची कृपा, नाही. आमची बायकामुले मरणाला भीत नाहीत. वेस्ली तेव्हा दीक्षित पाळक होते, परदेशात सुवार्ता सांगायला निघाले होते, आणि आपण मरणाला भितो हे त्या प्रवासात त्यांना कळून चुकले. त्यांनी हे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले, म्हणून तर आज आपण ते वाचतो. न गाणाऱ्याने दिलेली ती साक्ष आहे. लंडनमधल्या सभेत आपले हृदय विलक्षण उबदार झाले असे त्यांनी लिहिले, तो दिवस २४ मे १७३८चा. म्हणजे मध्ये दोन वर्षांहून अधिक काळ गेला होता.

‘अमेझिंग ग्रेस’ या गीताचे कर्ते जॉन न्यूटन यांचे उदाहरण अधिक बोचरे आहे. १७४८च्या मार्चमध्ये अटलांटिक समुद्रात त्यांचे जहाज फुटता फुटता वाचले, आणि तो दिवस ते पुढे आयुष्यभर पाळत राहिले. उपदेशांत ही कथा इथेच थांबवतात. प्रत्यक्षात त्यानंतर न्यूटन गुलामांच्या व्यापारातल्या जहाजांचे कप्तान झाले, आणि १७५४ साली त्यांनी समुद्र सोडला तो आजारपणामुळे. त्या व्यापाराविरुद्ध त्यांनी जाहीर कबुली लिहिली ती १७८८ साली, वादळानंतर ४० वर्षांनी. वादळाने त्यांना देवाकडे वळवले हे खरेच. पण आपल्या जहाजाच्या तळघरात कोण साखळदंडात आहे, हे त्या वादळाने त्यांना दाखवले नाही. म्हणून काही आठवड्यांत कोणी ‘मी यातून अमुक शिकलो’ असे ठामपणे सांगितले, की मला थोडी शंका येते. ‘अद्याप मला इतकेच कळले आहे’ असे म्हणण्याने साक्ष दुबळी होत नाही.

मागच्या बाकावरची

मी क्वचितच लिहिते. माझा धाकटा भाऊ बारा वर्षांपूर्वी नदीत बुडाला. त्याच्याबरोबर पाण्यात उतरलेले तिघे वाचले, आणि त्यांच्यातल्या एकाने पुढच्याच महिन्यात उपासनेत साक्ष दिली, की देवाने माझ्या प्रार्थनेचे उत्तर दिले. माझी आई उठून बाहेर गेली. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण माझा भाऊही प्रार्थना करणारा होता.

शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली, त्यांच्याविषयी येशूने विचारले की ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक दोषी होती असे तुम्हाला वाटते काय, आणि स्वतःच ‘नाही’ असे उत्तर दिले. मग वाचलेले अधिक लाडके होते, असेही म्हणता येत नाही. मूर्तीला न नमल्यास भट्टीत टाकण्याची धमकी मिळालेल्या शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो यांनी भट्टीपुढे राजाला जे सांगितले ते मी अनेक वर्षे धरून आहे: आमचा देव आम्हाला सोडवण्यास समर्थ आहे, आणि त्याने सोडवले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. त्यांनी हे भट्टीत जाण्याआधी म्हटले. आपण सारे बाहेर आल्यावर बोलतो, म्हणून दुसरे वाक्य आपल्याला आठवत नाही.

सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले होते, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. आपण रविवारपूर्वी त्या मुलाकडे जाऊन यावे. लिहिलेला कागद घरी ठेवावा.

जुना पाळक

वरील बहिणीने जे लिहिले आहे त्यानंतर मला अधिक काही सांगायचे नाही. मीही अशा साक्षी व्यासपीठावरून दिल्या आहेत, आणि कोण उठून बाहेर गेले हे मी पाहिले नव्हते.

मार्काच्या चौथ्या अध्यायात येशू सरोवरातले वादळ शांत करतो, त्यातल्या दोन बारीक गोष्टी मात्र साक्षीसाठी उपयोगी पडतील. एक म्हणजे त्या संध्याकाळी सरोवरात येशूच्या मचव्याबरोबर दुसरे मचवेही होते. त्यांच्याविषयी पुढे एक शब्दही नाही, तरी वारा पडला तो त्यांच्यासाठीही पडलाच असणार. दुसरी म्हणजे, शांतता पसरल्यावर शिष्य अतिशय घाबरले असे तिथे लिहिले आहे. वादळात ते बुडण्याला भीत होते. नंतर, आपल्या मचव्यात हा कोण बसला आहे, या विचाराने भ्याले. त्यांनी त्यावर काही मुद्दे काढले नाहीत. हा आहे तरी कोण, एवढेच ते एकमेकांना विचारत राहिले.

धारेवरचा

काल संध्याकाळी त्या मुलाकडे जाऊन आलो. कागद नेला नव्हता. सुरुवातीला बराच वेळ त्याच्या पायातल्या सळईविषयी आणि चुकलेल्या परीक्षेविषयीच बोलणे झाले. मग मी त्याला सांगितले की वर जाताना परतावे असे मला वाटत होते आणि मी बोललो नाही, आणि उतरण्याची घाईही मीच केली. तो थोडा वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, “दादा, उतरताना सगळ्यांत पुढे मीच पळत होतो ना.” मी म्हटले की तू १७ वर्षांचा आहेस, तुला थांबवणे माझे काम होते. त्यावर तो काही बोलला नाही आणि मला माफ केले असेही म्हणाला नाही. मीही ते मागितले नाही.

निघताना त्याने एक सूचना केली. रविवारी ‘आम्ही सगळे वाचलो’ असे म्हणू नका, ‘आम्ही सगळे परतलो’ असे म्हणा, अशी. वाचलो की नाही, ते सळई काढल्यावर मी सांगीन, असे तो हसत म्हणाला. पण ते सगळेच हसण्यावारी नव्हते.

पाळकांना मी आज भेटलो. पंधरा मिनिटांऐवजी पाच मिनिटे घेणार आहे. त्यात परतल्याबद्दल आभार, माझ्या दोन चुकांची कबुली, आणि मी सेकंद मोजत असताना वाऱ्यावर तुटक तुटक येणारे ते गीत, एवढेच असेल. पुढच्या भ्रमंतीच्या आधी परत फिरण्याची वेळ आणि खुणा कागदावर लिहून निघायचे, आणि मागे चालणाऱ्याने थांबा म्हटले की कोणीही वाद न घालता थांबायचे, असे संघाने ठरवले आहे. ते साक्षीत सांगावे की नंतरच्या सूचनांत, यावर पाळकांचा आणि माझा अजून मतभेद आहे. त्यांना ते सूचनांत हवे आहे.

दोर आणि गाठ

साक्षीतच सांगा. आणि त्या नियमात गडगडाटानंतरचा अर्धा तासही घाला.